विश्लेषण : चांदी महागली आणि नोट अडचणीत आली! १९१८ मध्ये भारताचा रुपया वाचवण्यासाठी अमेरिकेत डॉलर का वितळवले गेले?

नोटेमागे चांदी असली की नोट पक्की, असे आजही अनेकांना वाटते. पण चांदीवर आधारलेली नोट नेमकी चांदीचा भाव वाढल्यावरच धोक्यात येते. मुंबईच्या टांकसाळीपासून अमेरिकेच्या तिजोरीपर्यंत पोहोचणारी ही गोष्ट आहे.

चांदीचा भाव वाढला की घरोघरी दोन गोष्टी होतात. देवघरातले किंवा कपाटाच्या खणातले राणीछाप रुपये बाहेर निघतात आणि त्यांची आजची किंमत काढली जाते. आणि कुणीतरी म्हणतेच, ‘पूर्वी नोटेमागे चांदी होती, म्हणून तेव्हाचा रुपया बंदा. आता नुसता कागद!’

नोटेमागे चांदी होती, हे खरे. त्या चांदीमुळे नोट कायम सुरक्षित होती, हे मात्र खरे नाही. जून १९१८ च्या सुरुवातीला भारतात सुमारे १०० कोटी रुपयांच्या नोटा लोकांच्या हातात होत्या. त्या वटवून द्यायला सरकारच्या राखीव निधीत चांदीचे रुपये उरले होते जेमतेम ४ कोटी. बरे, चांदीचा भाव तेव्हा पडलेला नव्हता. तो चढलेला होता आणि संकट त्यामुळेच आले होते.

हे कसे घडले, त्यातून मार्ग कसा निघाला आणि आजच्या नोटेवरच्या वचनाशी त्याचा काय संबंध, ते समजून घेऊ.

चांदीवर आधारलेली नोट म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर ती एक पावती असते. सरकार किंवा बँक म्हणते, ‘ही चिठ्ठी आणा, तिच्यावर लिहिलेल्या रकमेची चांदीची नाणी घेऊन जा.’ चिठ्ठी खिशात ठेवायला सोपी, मोजायला सोपी. हजार रुपयांची चांदीची नाणी म्हणजे साडेअकरा किलोंहून अधिक वजन. त्याऐवजी एक कागद पुरतो.

ही कल्पना जुनी आहे. चीनमध्ये कुबलाई खानाच्या राजवटीने १२६० मध्ये चांदीशी ठरावीक दराने जोडलेल्या कागदी नोटा काढल्या. सुरुवातीला त्या चालल्या. पुढे खर्च भागवण्यासाठी नोटा वाढत गेल्या, मागचा साठा पुरेना आणि नोटेची किंमत घसरली.

यातला पहिला धोका लगेच लक्षात येतो : साठ्याच्या मानाने नोटा जास्त छापणे. दुसरा धोका सहज दिसत नाही. तो भारतात १९१७-१८ मध्ये दिसला.

भारतात अशी नोट कधी आली?

१८६१ पूर्वी भारतात नोटा होत्या, पण त्या बँकांच्या. बँक ऑफ बेंगॉल, १८४० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास आपापल्या नोटा काढत. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती सावरण्यासाठी इंग्लंडहून आलेले जेम्स विल्सन यांनी सरकारी नोटांची योजना मांडली. योजना प्रत्यक्षात येण्याआधीच, ऑगस्ट १८६० मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेले सॅम्युअल लँग यांच्या काळात १८६१ चा कागदी चलन कायदा झाला आणि नोटा काढण्याचा हक्क फक्त सरकारकडे आला.

या कायद्याची मेख राखीव निधीच्या नियमात होती. ४ कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांमागे सरकारी कर्जरोखे ठेवले तरी चालणार होते. त्यापुढची प्रत्येक नोट काढायची तर तेवढ्याच रकमेची नाणी किंवा धातू तिजोरीत असलाच पाहिजे. व्यवहारात हा धातू म्हणजे मुख्यतः चांदी.

आणि रुपया म्हणजे काय, हेही कायद्याने पक्के होते. १८३५ पासून कंपनी सरकारच्या मुलुखात एकच रुपया चाले : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा. त्यातली शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. ‘रुपयाभार’ हा शब्द वजनासाठीही वापरला जाई, तो यामुळेच.

मुंबईची नोट नागपुरात का चालत नसे?

सरकारी नोट म्हणजे देशभर चालणारी नोट, असे आज आपण गृहीत धरतो. तेव्हा तसे नव्हते. देश वेगवेगळ्या चलन परिमंडळांत वाटलेला होता. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही मुख्य केंद्रे. पुढे नागपूर, अकोला, कराची, लाहोर, अलाहाबाद, कालिकत अशी आणखी केंद्रे झाली. कापसाच्या बाजारामुळे अकोल्याचे नाव या यादीत होते.

नोट ज्या परिमंडळाची, त्याच परिमंडळात ती कायदेशीर चलन. बाहेर गेली की ती घ्यायची की नाही, हे समोरच्याच्या मर्जीवर. सराफाकडे गेले तर तो बट्टा कापून पैसे देणार. १०० च्या नोटेचे १०० मिळतीलच, याची खात्री नसे.

लोकांनी यातूनही वाटा काढल्या. मोठी रक्कम टपालाने पाठवायची तर नोटेचे दोन तुकडे करत. आधी एक अर्धा पाठवायचा, तो पोहोचल्याचे कळले की दुसरा. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धाच कागद लागे.

ही बंधने हळूहळू सैल झाली. ५ रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता सर्वत्र वैध ठरली. १० आणि ५० रुपयांच्या नोटा १९१० मध्ये, १०० ची नोट १९११ मध्ये देशभर चालू लागली. नोटांवरचा विश्वास वाढला. मार्च १९१४ अखेर चलनातल्या नोटा ६६ कोटी रुपयांच्या घरात पोहोचल्या होत्या.

१८९३ मध्ये काय बदलले?

गोष्ट समजायला इथे थोडे थांबायला हवे.

१८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जाऊ शके आणि शुल्क भरून तिचे रुपये पाडून घेऊ शके. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत जवळजवळ सारखीच राही.

१८७० नंतर जर्मनीसह अनेक देश चांदी सोडून सोन्याकडे वळले. चांदीला मागणी कमी, भाव घसरले. लंडनच्या बाजारात औंसाला ६० पेन्सच्या आसपास असलेली चांदी वीस-पंचवीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. तिच्याबरोबर रुपयाही घसरला. भारत सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी पौंडांत मोठी देणी भागवावी लागत. तेवढ्याच पौंडांसाठी आता अधिक रुपये लागू लागले.

अखेर २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. यापुढे रुपये पाडायचे तर फक्त सरकारने. काही वर्षांत रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्सवर स्थिरावला. चांदी औंसाला २७ पेन्स असेल तर रुपयातल्या चांदीची किंमत भरते साधारण १० पेन्स. म्हणजे १० पेन्सची चांदी आणि १६ पेन्सचा रुपया. नाण्यातल्या धातूपेक्षा त्यावरचा छाप महाग झाला.

थोडक्यात, नोटेमागे चांदीचा रुपया होता. पण त्या रुपयाची किंमतही सरकारच्या शब्दावर उभी होती.

४३ पेन्सचे गणित काय?

आता उलट बाजूने पाहू. चांदी स्वस्त असताना रुपया वितळवण्यात कुणालाच रस नसतो. १६ पेन्सचे नाणे वितळवून १० पेन्सची चांदी कोण घेईल? पण चांदी महाग होत गेली तर एक क्षण असा येतो की नाणे आणि धातू यांची किंमत सारखी होते. तो क्षण कधी, ते साध्या गुणाकाराने काढता येते.

- रुपयातली शुद्ध चांदी : १६५ ग्रेन.
- लंडनच्या बाजारातल्या प्रमाणित औंसातली शुद्ध चांदी : ४४४ ग्रेन.
- म्हणजे एका रुपयात साधारण ०.३७ औंस चांदी.
- औंसाचा भाव ४३ पेन्स झाला की रुपयातली चांदी १६ पेन्सची होते. रुपयाचा दरही १६ पेन्स. हिशेब बरोबरीत.

४३ च्या वर एक पेनी जरी भाव गेला, तरी रुपया खर्च करण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे. आणि ज्याच्याकडे नोट आहे, त्याला ती वटवून चांदीचे नाणे घेणे फायद्याचे. सरकार मात्र दोन्हीकडून कात्रीत सापडते. नोट घेऊन येणाऱ्याला नाणे द्यावेच लागते आणि ते नाणे पाडायला लागणारी चांदी नाण्याच्या किमतीपेक्षा महाग विकत घ्यावी लागते.

चांदीवर आधारलेल्या नोटेचा हा मूळ दोष आहे. साठा भरलेला असतो तेव्हा तो कुणी मागत नाही. साठ्याला खरी किंमत येते, तेव्हा सगळेच मागायला येतात.

महायुद्धात चांदी इतकी का महागली?

१९१५ मध्ये औंसाला २७ पेन्सच्या आसपास असलेली चांदी ऑगस्ट १९१७ मध्ये ४३ च्या पुढे गेली आणि सप्टेंबरमध्ये ५५ पेन्सवर पोहोचली. या भावाने रुपयातली चांदी २० पेन्सची होत होती.

कारणे अनेक होती. मेक्सिको हा चांदीचा मोठा उत्पादक. तिथे १९१० पासून क्रांती पेटली होती आणि खाणींचे उत्पादन घटले होते. दुसरीकडे मागणी वाढत होती. भारतातून ताग, कापूस, गहू, कातडी असा युद्धासाठी लागणारा माल मोठ्या प्रमाणावर जात होता. मेसोपोटेमिया आणि इतर आघाड्यांवरच्या फौजांचा खर्चही भारत सरकार ब्रिटनच्या वतीने रुपयांत भागवत होते. ब्रिटन त्याची परतफेड लंडनमध्ये करत होते, तीही पौंडांत आणि कर्जरोख्यांत. इथे मात्र शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, सैनिकाच्या घरच्यांना रुपये हवे होते.

म्हणून नोटा छापल्या गेल्या आणि त्यांच्यामागे ब्रिटिश सरकारचे रोखे ठेवले गेले. रोख्यांच्या आधारावर नोटा काढण्याची मर्यादा युद्धापूर्वी १४ कोटी रुपये होती. ती वाढवत १९१९ पर्यंत १२० कोटींवर नेली गेली. नोटेवरचे वचन चांदीच्या रुपयाचे, मागचा आधार मात्र लंडनमधल्या कागदाचा, अशी स्थिती झाली.

सरकारने काय काय केले?

पहिला उपाय बंदीचा. २९ जून १९१७ पासून सोन्या-चांदीची नाणी वितळवणे किंवा चलनाखेरीज कशासाठीही वापरणे बेकायदा ठरले. सप्टेंबरमध्ये खासगी व्यापाऱ्यांना चांदी आयात करण्यास मनाई झाली, म्हणजे जगाच्या बाजारात सरकारला स्पर्धक नको. चांदीची नाणी देशाबाहेर नेण्यावरही बंदी आली.

दुसरा उपाय रुपयाचा दर वाढवण्याचा. ऑगस्ट १९१७ च्या अखेरीस दर १ शिलिंग ५ पेन्स झाला, एप्रिल १९१८ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स. चांदीच्या भावामागे रुपयाचा दर असा धावत होता.

तिसरा उपाय चांदी वाचवण्याचा. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी भारतात प्रथमच एक रुपयाची नोट आली. तिच्यावर पंचम जॉर्ज यांच्या चांदीच्या रुपयाचे चित्रच छापलेले होते. त्यानंतर लवकरच अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट निघाली. दोन आणे, चार आणे, आठ आणे ही नाणीही पुढच्या दोन वर्षांत चांदीऐवजी निकेलमध्ये पाडली जाऊ लागली.

आणि १९१८ मध्ये रांगा का लागल्या?

मार्च १९१८ च्या अखेरीस युरोपातल्या आघाडीवरून दोस्त राष्ट्रांसाठी वाईट बातम्या येऊ लागल्या. जर्मन सैन्य पुढे सरकत होते. सरकार हरले तर त्याच्या कागदाचे काय, ही शंका येणे स्वाभाविक होते. मुंबईच्या चलन कचेरीत नोटा वटवायला गर्दी उसळली. इतर ठिकाणीही तेच लोण पोहोचले.

१ एप्रिल १९१८ रोजी सरकारकडे चांदीच्या रुपयांचा साठा साडेदहा कोटींच्या आसपास होता. दोन महिन्यांत तो ४ कोटींवर आला.

कायद्याने नोट वटवून देण्याची सक्ती फक्त चलन कचेऱ्यांवर होती. जिल्ह्याच्या खजिन्यात मिळणारी सोय ही सवलत होती. ती सवलत बऱ्याच ठिकाणी काढून घेण्यात आली. रेल्वेने आणि टपालाने नाणी पाठवण्यावर बंधने आली. चलन कचेऱ्यांतही एका माणसाला दिवसाला किती रुपये द्यायचे, यावर मर्यादा घातली गेली. ‘वचन मोडले’ असे सरकारने कधी म्हटले नाही. पण वचन पुरे करून घेण्याची वाट जमेल तितकी अवघड केली.

याचा भार कुणावर पडला?

ज्याला थांबायची सोय नव्हती, त्याच्यावर. मुंबईतला मोठा व्यापारी नोटा जपून ठेवू शकत होता, हुंडीवर व्यवहार करू शकत होता किंवा कचेरीत वारंवार माणूस पाठवू शकत होता. आडगावात धान्य विकून हाती नोट आलेल्या शेतकऱ्याला तो पर्याय नव्हता. त्याला मीठ-तेल घ्यायचे, मजुरी द्यायची तर सुटे चांदीचे रुपये हवेत. आणि जवळच्या खजिन्यात ते मिळत नाहीत. मग सावकार किंवा सराफ देईल तो दर.

संपूर्ण सरकारी हमी असलेली नोट पुन्हा बट्ट्याने विकली जाऊ लागली. परिमंडळे सैल करून, अनेक वर्षे खपून जो विश्वास उभा केला होता, त्याला काही महिन्यांत तडा गेला.

अमेरिकेचे डॉलर कसे कामी आले?

एवढी चांदी जगात एकाच ठिकाणी पडून होती, ती अमेरिकेच्या तिजोरीत. आणि तीसुद्धा नोटांमागेच होती!

अमेरिकेत १८७८ पासून ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’ नावाच्या नोटा चालत. तिजोरीत चांदीचे डॉलर ठेवायचे आणि त्यांच्या बदल्यात कागद द्यायचा, हीच पद्धत. लोकांना जड नाण्यांपेक्षा कागद आवडला आणि कोट्यवधी चांदीचे डॉलर तळघरांत तसेच पडून राहिले.

ब्रिटनने हीच चांदी मागितली. भारतातला रुपया कोसळला तर युद्धाचा पुरवठाच थांबेल, हा युक्तिवाद वॉशिंग्टनला पटला. नेवाडा या चांदीच्या खाणींच्या राज्याचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी झाला. त्यानुसार ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवून विकण्याची परवानगी मिळाली. त्यांच्यावर आधारलेली सर्टिफिकेटे मागे घेऊन त्या जागी दुसऱ्या नोटा काढायच्या आणि विकलेली चांदी पुढे अमेरिकी खाणींकडून औंसाला एक डॉलर दराने परत विकत घ्यायची, अशी ही व्यवस्था होती. खाणमालकांचेही भले झाले.

प्रत्यक्षात २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातले जवळजवळ २५ कोटी ९१ लाख डॉलर ब्रिटनमार्फत भारतासाठी विकले गेले. त्यांची चांदी भरली सुमारे २० कोटी औंस, म्हणजे ६ हजार टनांपेक्षा जास्त. एका रुपयाला १६५ ग्रेन या हिशेबाने त्यातून ५८ कोटींच्या आसपास रुपये पाडता येतात. साठ्यात उरलेल्या ४ कोटींशी ही तुलना केली की संकट किती मोठे होते, ते कळते.

चांदी समुद्रमार्गे यायला वेळ लागणारच होता. पण ती येत आहे, या बातमीनेच काम सुरू केले. नोट वटेल असे वाटू लागले की वटवायची घाई कमी होते. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी रुपये पाडत राहिल्या आणि गर्दी ओसरली.

म्हणजे एका देशाचे चांदीवरचे वचन टिकवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या चांदीवरच्या नोटांखालची चांदी काढून आणावी लागली.

मग सगळे सुरळीत झाले का?

नाही. युद्ध संपले तरी चांदी चढतच राहिली. फेब्रुवारी १९२० मध्ये ती औंसाला ८९ पेन्सपर्यंत गेली. रुपयाचा दरही तिच्यामागे ओढला जाऊन डिसेंबर १९१९ मध्ये २ शिलिंग ४ पेन्सवर पोहोचला होता. चांदी महागच राहील, असे समजून रुपया २ शिलिंगांवर पक्का करण्याचा निर्णय झाला. आणि १९२० संपेपर्यंत चांदी शिखराच्या निम्म्याहूनही खाली आली. २ शिलिंगांचा दर टिकला नाही.

याच काळात, नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे लंडनमध्ये रुपयावरच प्रबंध लिहिला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रकाशित झाला. रुपयाचा परदेशी चलनाशी दर किती, यापेक्षा त्या रुपयात इथे काय विकत घेता येते, ते स्थिर राहणे महत्त्वाचे, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी चलन किती काढायचे, यावर पक्की मर्यादा हवी आणि टांकसाळ लोकांप्रमाणे सरकारसाठीही बंद हवी, असे त्यांनी मांडले. खरा प्रश्न धातूचा नसून चलन काढणाऱ्या हाताला लगाम कोण घालणार याचा आहे, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

हे फक्त भारतातच घडले का?

तोच पेच आणखी दोनदा दिसला.

चीन १९३० च्या दशकातही चांदीवरच होता. जून १९३४ मध्ये अमेरिकेने चांदी खरेदीचा कायदा केला, जागतिक भाव चढले आणि चीनमधली चांदी बाहेर वाहू लागली. बाजारात पैसा आटला, मालाचे भाव पडले, धंदे बुडाले. निर्यातीवर कर लावूनही गळती थांबली नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनने चांदीचा आधार सोडून नवी कागदी नोट आणली.

दुसरे उदाहरण खुद्द अमेरिकेचे. तिथल्या चांदीच्या डॉलरमध्ये ०.७७ औंस शुद्ध चांदी होती. म्हणजे भारताचे ४३ पेन्स, तसे अमेरिकेचे औंसाला १ डॉलर २९ सेंट. १९६३ मध्ये भाव त्या रेषेला भिडला. सर्टिफिकेटे देऊन चांदीचे डॉलर नेण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. मार्च १९६४ मध्ये नाणी देणे बंद झाले. त्यानंतर चांदीचे दाणे मिळत. २४ जून १९६८ नंतर तेही थांबले. ती नोट आजही तिथे चालते, पण तिच्या बदल्यात चांदी मिळत नाही.

तीन देश, तीन काळ. प्रत्येक वेळी चांदी महागली आणि प्रत्येक वेळी तिच्यावरचे वचन अडखळले.

आजच्या नोटेवरचे वचन म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धात भारतात पुन्हा चांदीच्या रुपयांची टंचाई झाली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९२६ पासून बंद असलेली एक रुपयाची नोट परत आली. अमेरिकेकडून या वेळीही २२ कोटी औंसांहून अधिक चांदी उसनी घ्यावी लागली. १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला आणि रोजच्या व्यवहारातून चांदी गेली.

आज १०० च्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे वचन देतात. कायद्यानुसार नोटेच्या बदल्यात रिझर्व्ह बँकेला रुपयाची नाणी द्यावी लागतात. ही नाणी स्टेनलेस स्टीलची. चांदी किंवा सोने मागण्याचा हक्क कुणालाही नाही. नोटांमागे सोने आणि परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी रुपयांची मालमत्ता हवी, त्यात किमान ११५ कोटींचे सोने, हा नियम १९५७ पासून आहे. चलनातल्या नोटांच्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ.

एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते. ती भारत सरकार काढते आणि तिच्यावर अर्थ सचिवांची सही असते. १९४० पासून ही नोट कायद्याने नाण्यासारखीच मानली जाते. जे स्वतःच रुपया आहे, ते रुपया देण्याचे वचन कशाला देईल? १९१७ च्या पहिल्या एक रुपयाच्या नोटेवर मात्र वचन होते, कारण तिच्यामागे चांदीचे नाणे होते.

मग आजची नोट कशावर उभी आहे? नोटा किती काढायच्या, महागाई कशी आवरायची, हे ठरवणाऱ्या संस्था आपले काम नीट करतील, या भरवशावर. १९१८ मध्येही खरा आधार तोच होता. तिजोरीत ४ कोटी असताना १०० कोटींच्या नोटा चालत होत्या, त्या चांदीच्या जोरावर नव्हे. चांदी येत आहे, यावर लोकांनी विश्वास ठेवला म्हणून.

घरात १९१८ चा रुपया आहे?

असेल तर विकण्याआधी एकदा नीट पाहा. पंचम जॉर्ज यांचा चेहरा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या मध्ये ‘वन रुपी इंडिया’ आणि साल. खालच्या फुलाजवळ बारीक उठावाचा ठिपका दिसला तर तो मुंबईच्या टांकसाळीत पडलेला. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा.

त्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. किलोचा भाव १ लाख रुपये धरला तर धातूचीच किंमत १,०६९ रुपये होते. भाव बदलेल तसा गुणाकार करून घ्या. १९१८ ते १९२० या सालांचा रुपया असेल तर त्यातली चांदी कधीकाळी अमेरिकी डॉलर असण्याची शक्यताही चांगलीच आहे.

नाणे आजही खणखणीत वाजते. त्या सालच्या नोटा मात्र संग्राहकांकडे उरल्या आहेत.